वैऱ्याच्या वहीतलं राज्य

‘बुआ’ हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर थेट कीर्तनकार उभा राहिला. डोक्याला पगडी, हातात चिपळ्या, मागे टाळकरी. डिसेंबरातलं अथेन्स, बाहेर पाऊस, आणि मी भाचीच्या खोलीत दोन शाली पांघरून तिच्या प्रबंधाची टिपणं नुसतीच चाळत बसलेली.

“हे बुवा कुठले गं?”

“बुवा नाही मावशी, बुआ. ज्यिन बुआ श्पाता. अल्बेनियन होता. श्पाता म्हणजे त्यांच्या भाषेत तलवार.”

“राजा होता?”

“राजाच म्हण. वायव्य ग्रीसमध्ये आर्ता म्हणून गाव आहे, तिथला. ५७ वर्षं राज्य टिकलं, मग संपलं.”

मला तेव्हा ५८वं चालू होतं. माझ्या वयाइतकंही न टिकलेलं राज्य म्हटल्यावर का कोण जाणे, जरा आपुलकीच वाटली.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. उभं आयुष्य लोकांनी लिहिलेलं तपासण्यात गेलं. त्यातली काही वर्षं जुन्या बखरींच्या आवृत्त्यांवर. त्या कामात पहिला नियम शिकवला गेला तो असा, की मूळ पोथीत चूक असली तरी तिला हात लावायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ, चुकलेलं नाव, अर्धवट वाक्य, सगळं जसंच्या तसं. दुसरी गोष्ट कुणी शिकवली नाही, ती आपोआप अंगात मुरली. प्रत्येक ओळीशी विचारायचं, बाबा रे, लिहिताना तू कुणाचं मीठ खात होतास?

श्पाता घराण्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की उत्तर चटकन येतं. ज्यांनी लिहिलं त्यांतल्या कुणीच श्पातांचं मीठ खाल्लेलं नव्हतं. या घराण्याची ना बखर, ना दरबारी कवी. आपल्याला जे कळतं ते मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक योआनिना शहरात लिहिलेली बखर, म्हणजे त्या शहरात, ज्याच्या तटाला श्पातांनी पुन्हा पुन्हा वेढे घातले. दुसरी तोक्को घराण्याची पद्यात लिहिलेली बखर, म्हणजे ज्यांनी श्पातांना संपवलं त्यांचीच. एक मार खाणाऱ्याची वही, एक मारणाऱ्याची. मधल्या माणसाची वहीच नाही.

भाचीला योआनिनात दोन दिवसांचं काम होतं. म्हटलं, मीही येते. आणि तिथून आर्ता तासाभरावर, तर तेही पाहू.

योआनिना तळ्याकाठचं गाव. तळ्यात एक बेट, त्या बेटावर १८२२ साली अली पाशाला मारलं. अली पाशाही अल्बेनियनच. पण त्याच्या नावाने तिथे दुकानं, भांडी, खंजीर, काय वाट्टेल ते मिळतं. बायरन त्याला भेटून गेला होता, युरोपभर त्याच्याबद्दल लिहिलं गेलं. श्पाताचं नाव मी तीन दुकानांत विचारलं. एका पुस्तकवाल्या बाईंनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि भाचीला म्हणाल्या, “यांना हे कुणी सांगितलं?” भाचीने सोयीस्करपणे स्वतःचं नाव घेतलं नाही.

आता हे राज्य उभं कसं राहिलं ते सांगायला हवं. माझ्या मते ते उभं राहिलं रिकाम्या जागेत. १३४८च्या सुमारास सर्बियाच्या स्टेफान दुशानने एपिरस, म्हणजे हाच आर्ता-योआनिनाचा मुलूख, आणि शेजारचं थेसली जिंकून घेतलं. त्याच्या फौजेत अल्बेनियन टोळ्या भरपूर. त्याच वर्षांत प्लेग आला. शेतं पडीक, गावं ओस. डोंगरातून मेंढरं घेऊन उतरणाऱ्या अल्बेनियन कुळांना खालची कुरणं मोकळी मिळाली. आणि १३५५ला दुशान मेला तेव्हा त्यांना परत जा म्हणणारं कुणी उरलं नाही. जुना वारसदार निकेफोरोस ओर्सिनी आपलं राज्य परत घ्यायला आला. १३५९च्या सुमारास आखेलोस नदीकाठी अल्बेनियनांनी त्याला गाठलं आणि लढाईत तो मारला गेला.

इथे एक बाई येते. निकेफोरोसची बायको मारिया, बायझन्टाइन सम्राट योआन्निस कांताकुझिनोसची मुलगी. निकेफोरोसने तिला घालवून दिलं होतं, दुशानच्या विधवेच्या बहिणीशी सोयरीक जुळवायला. आणि म्हणे अल्बेनियन लोकच मारियाच्या बाजूने उभे राहिले, तिला परत आण म्हणून हटून बसले. मुकाट्याने त्याने तिला बोलावणं धाडलं खरं, पण ती पोचायच्या आत लढाईत गेला. वाचून मला वाटलं, वा, टोळीवाले म्हणून हिणवलेले लोक आणि परक्याच्या सुनेसाठी भांडतायत. मग मी सवयीने पाहिलं, लिहिलंय कुणी? मारियाच्या बापाने. राज्य सोडून संन्यास घेतल्यावर त्याने जो इतिहास लिहिला, त्यात. म्हणजे आपल्या पोरीला टाकणाऱ्या जावयाचा शेवट सासरा सांगतोय. गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तिला सासऱ्याच्या हाताचा वास आहे.

रिकाम्या गादीवर दुशानचा भाऊ सिमेऑन हक्क सांगत होता. त्याला ठाऊक होतं की या लोकांना हुसकणं आपल्या बसची बात नाही. तेव्हा त्याने जे त्यांच्या ताब्यात होतंच ते त्यांना ‘दिलं’. प्येतर लोशाला आर्ता आणि रोगी नावाचं ठाणं, ज्यिन बुआ श्पाताला आखेलोस आणि आन्गेलोकास्त्रो. दोघांनाही ‘डेस्पॉट’ हा किताब. आज या शब्दाला जुलमाचा वास येतो. तेव्हा तो सम्राटाच्या खालोखालचा मानाचा हुद्दा होता. गेलेल्या घोड्याला दावं बांधून ‘हा आमचाच’ म्हणायची ही पद्धत आपल्याकडच्या सनदा वाचलेल्यांना नवी नाही. पण देणाऱ्याला अब्रू मिळते आणि घेणाऱ्याला कागद. लोशा आणि श्पाता कालपर्यंत टोळीचे नाईक होते, आज संस्थानिक झाले.

योआनिनाचे लोक घाबरले. आजूबाजूला सगळे अल्बेनियन, आम्हाला कुणी धनी द्या, अशी त्यांनी सिमेऑनकडे विनवणी केली. त्याने आपला जावई पाठवला, थॉमस प्रेल्युबोविच. १३६७. आणि इथून पुढे ती बखर रंगते. कारण लिहिणाऱ्याचा राग अल्बेनियनांवर आहेच, पण त्याहून जास्त आहे तो स्वतःच्या धन्यावर. थॉमसने चर्चच्या जमिनी काढून आपल्या माणसांना दिल्या. दारू, धान्य, मांस, चीज, मासळी, फळं, सगळ्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. लोकांना तुरुंगात टाकलं, छळलं. आणि स्वतःला बिरुद लावून घेतलं, ‘अल्बेनियनांचा काळ’. मला या बखरकाराचं कौतुक वाटतं. घरातला राक्षस आणि बाहेरचा शत्रू यांच्यात त्याला निवड करता येत नाही, म्हणून तो दोघांनाही झोडपतो.

आणि मग एके ठिकाणी त्याची लेखणी चुकते. ज्यिन श्पाताबद्दल लिहिताना तो म्हणून जातो, की हा माणूस कर्तबगार, बोलण्यात आणि करणीत उजवा, दिसायलाही देखणा. वैऱ्याच्या हातून सुटलेली शाबासकी! मला मोगल इतिहासकार खाफीखान आठवला. त्याने शिवाजी महाराजांच्या मृत्यूचं साल ‘काफिर ब-जहन्नम रफ्त’, म्हणजे ‘काफिर नरकात गेला’, अशा शिवीत बसवलं, आणि त्याच हाताने हेही लिहिलं की मशिदी, कुराण आणि बायका यांना धक्का लावायचा नाही असा या माणसाचा दंडक होता. अशी ओळ दिसली की मी समासात पेन्सिलीने छोटीशी फुली करते. हिला खरं मानायला हरकत नाही, एवढाच तिचा अर्थ.

बसने आर्ताला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. आराख्थोस नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते आणि भोवती मैलोन् मैल संत्र्यांच्या बागा. डिसेंबरात झाडं नारिंगी ठिपक्यांनी लगडलेली, खाली चिखलात पडलेली संत्री तर कुणी उचलतही नाही. माझ्यातली मध्यमवर्गीय बाई अस्वस्थ झाली. दोन उचलून पिशवीत टाकली. भाची म्हणाली, “मावशी, लोक बघतायत.” बघू देत.

हे गाव श्पातांच्या आधीही मोठं होतं. जुनं नाव अम्ब्राकिया, पिरस राजाची राजधानी. जिंकूनही हरल्यासारखं होतं तेव्हा ज्याचं नाव घेतात तोच पिरस. १२०४ला कॉन्स्टॅन्टिनोपल पडल्यावर इथे एपिरसच्या ग्रीक डेस्पॉटांची गादी आली. त्यांनी बांधलेलं पारिगोरितिस्सा चर्च अजून उभं आहे. नावाचा अर्थ ‘दिलासा देणारी’. बाहेरून ते चर्च वाटतच नाही, चौकोनी हवेली वाटते, वर पाच घुमट ठेवून दिलेल्या. आत गेलं की मान वर होते आणि पोटात गोळा येतो. जुन्या देवळांचे खांब आणून ते भिंतीत आडवे खुपसलेत. त्यांची टोकं आत अधांतरी बाहेर आलेली, आणि त्या टोकांवर दुसरे बारीक खांब उभे. त्यांच्यावर पुन्हा तसंच. असं तीन मजले चढत जाऊन सगळ्यात वर घुमटाचा भार, आणि घुमटातून ख्रिस्त खाली बघतोय. सातशे वर्षं हे पडलं कसं नाही? मी खालच्या एका आडव्या खांबाच्या टोकाकडे बराच वेळ पाहत राहिले. ते टोक भिंतीत किती आत रोवलंय ते खालून दिसत नाही.

याच चर्चमध्ये लोशा आणि श्पाता उभे राहिले असणार. त्यांचा धर्म तोच होता. भाषा तेवढी वेगळी.

लोशाने योआनिनाला जेरीला आणलं तेव्हा थॉमसने तह केला आणि आपली मुलगी इरीनी लोशाच्या मुलाला दिली. पाच वर्षं शांतता. १३७४ला प्लेगमध्ये लोशा मेला, पुढे त्याच साथीत इरीनीही गेली. आर्ता ज्यिन श्पाताने ताब्यात घेतलं आणि दोन्ही अल्बेनियन संस्थानं एक झाली. लगेच योआनिनावर स्वारी. पुन्हा तह, आणि या वेळी थॉमसने बहीण दिली, हेलेना. ‘अल्बेनियनांचा काळ’ म्हणवणाऱ्याची सख्खी बहीण अल्बेनियनाच्या घरात नांदायला. बखरीत या बायका लग्नाच्या आणि मरणाच्या ओळीतच दिसतात. हेलेना आर्तात कुठल्या भाषेत बोलायची? नवरा तिच्याशी सर्बियन बोलायचा की ती त्याची भाषा शिकली? वहीत नाही.

श्पाताच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस १३७८ सालचा. हॉस्पिटलर नाइटांचा नवाकोरा प्रमुख, हुआन फर्नांदेस दे हेरेदिया, अरागोनचा मातब्बर सरदार, फौज घेऊन व्होनित्साला उतरला आणि आर्तावर चालून आला. सगळ्या ख्रिस्ती जगातल्या लढाऊ जोगड्यांचा हा महंत. श्पाताने त्याला नुसतं हरवलं नाही, जिवंत धरला. पुढे त्याला तुर्कांच्या हवाली केल्याचं सांगतात. १३७९ला खंडणी भरून तो सुटला.

या हेरेदियाचा दुसरा चेहरा मला फार आवडतो. तो पुस्तकवेडा होता. प्लुटार्कची चरित्रं त्याने ग्रीकमधून आपल्या अरागोनी बोलीत करवून घेतली. मोरेआचा, म्हणजे दक्षिण ग्रीसचा, इतिहासही आपल्या भाषेत लिहवून घेतला. म्हणजे आर्ताच्या कैदेत जो माणूस बसला होता, त्याच्या डोक्यात ग्रंथशाळा होती; आणि बाहेर जो पहारा देत होता, त्याच्या भाषेला अजून अक्षरसुद्धा नव्हतं. लढाई एकाने जिंकली. ती सांगायचं सामान मात्र दुसऱ्याच्या घरात.

हे मी भाचीला किल्ल्याच्या तटावर बसून सांगत होते. किल्ल्यात मध्येच एक पडकं आधुनिक हॉटेल आहे, काचा फुटलेलं, वेली चढलेलं. तिला माझं बोलणं जरा भाबडं वाटलं असावं. ती म्हणाली, “मावशी, त्याच्या भाषेला अक्षर नव्हतं म्हणजे तो अडाणी होता असं नाही हं. कारभार ग्रीकमध्ये चालायचा, पत्रं ग्रीक-लॅटिनमध्ये जायची.” बरोबर आहे. आपल्याकडेही मराठी सरदारांच्या घरात फारसी लिहिणारे पदरी असत. पण कारभार चालतो तो एका भाषेत, आणि आई लेकराला दटावते ती दुसऱ्या, हेही तितकंच खरं.

१३८४च्या डिसेंबरात थॉमसला त्याच्याच अंगरक्षकांनी भोसकलं. बखरकाराने सुटकेचा श्वास सोडलेला अक्षरशः ऐकू येतो. थॉमसच्या विधवेने एसाऊ बुओन्देलमोन्ती नावाच्या फ्लोरेन्सच्या माणसाशी लग्न केलं आणि योआनिनाला नवा, बऱ्यापैकी भला धनी मिळाला. ती वारल्यावर १३९६ला एसाऊने श्पाताची मुलगी केली. हिचंही नाव इरीनी! आता सासरे-जावई झाल्यावर भांडण मिटायला हवं होतं. पण श्पाताचा आणखी एक जावई होता, जिरोकास्तरचा ज्योन झेनेबिशी. १३९९ला एसाऊ त्याच्यावर चालून गेला आणि स्वतःच पकडला गेला. साडूने साडूला कोंडून ठेवला आणि भरभक्कम रक्कम घेऊन सोडला. आपल्याकडे साडू लग्नात मानपानावरून रुसतात, एवढंच.

जावई कैदेत असतानाच, २९ ऑक्टोबर १३९९ला ज्यिन श्पाता वारला. चाळीसएक वर्षं त्याने खिंड लढवली. त्याच्यामागे जे झालं त्याला मराठीत एक फार जुना, फार नेमका शब्द आहे: भाऊबंदकी.

गादीवर भाऊ स्गुरोस बसला. काही दिवसांतच व्होंको नावाच्या कुणा धाडशी माणसाने त्याला आर्तातून हाकललं. योआनिनाच्या बखरकाराने या व्होंकोची जात सांगताना एक शब्द बनवलाय, तो एकसंध लिहायचा: सर्बअल्बेनियनबल्गेरियनव्लाख. समासविग्रह करून दाखवा म्हटलं तर आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईही दमतील. तिरस्कार एवढा, की शिवी द्यायला एक जात पुरेना. पण वाचता वाचता मला त्या शब्दात त्या मुलखाचा नकाशाच दिसला. या डोंगरांत कोण कुणात मिसळलं होतं, याची याहून प्रामाणिक नोंद त्या बखरीत दुसरी नसेल, आणि ती शिवीत आहे.

ज्यिनचा नातू मुरिकी याने आर्ता परत मिळवलं. स्गुरोस आन्गेलोकास्त्रोला गेला, तिथेच संपला. त्याचा मुलगा पाल याला काही झेपेना. त्याने १४०७ला नाफ्पाक्तोस व्हेनिसला १५०० डुकॅटला विकून टाकलं. आजोबा-काकांनी तलवारीने मिळवलेलं बंदर पुढच्या पिढीने रोखीने दिलं. हे वाचून मला आमच्या कोकणातल्या कलमांच्या बागा आठवल्या, पण तो विषय नको.

शेवटचा अंक कार्लो तोक्कोचा. हा केफालोनिया बेटावरचा इटालियन काउंट. श्पातांनी त्याला सोपं जाऊ दिलं नाही, हे तोक्कोचा भाट स्वतःच कबूल करतो. १४११ला एसाऊ मेल्यावर योआनिनाच्या लोकांनी तोक्कोला बोलावलं. म्हणजे श्पाता चाळीस वर्षं ज्या दरवाजावर धडका देत होते, तो दरवाजा दुसऱ्यासाठी आतून उघडला. चिडलेल्या मुरिकीने झेनेबिशीशी हातमिळवणी केली आणि १४१२ला क्रानेआला तोक्कोचा सडकून पराभव केला. काही काळ वाटलं असेल, की आता पारडं फिरलं. पण दोन-तीन वर्षांत मुरिकी वारला आणि पुन्हा वारसाची मारामारी. जिंकला तो याकूब. नावावरून कळेल तसा हा धर्मांतरित, तुर्की दरबारात वाढलेला. त्याला तोक्कोच्या माणसांनी हूल देऊन दबा धरलेल्या जागी ओढलं, धरलं आणि जागच्या जागी मारलं. १ ऑक्टोबर १४१६. तीन दिवसांनी, ४ ऑक्टोबरला आर्ताने तोक्कोला दरवाजे उघडले.

तोक्कोची बखर सुमारे चार हजार ओळींची, साध्या बोलीभाषेतल्या ग्रीकमध्ये, पंधरा अक्षरांच्या चालीवर. लिहिणारा अनाम, पण चांगला गोष्टीवेल्हाळ. हा विजय सांगताना त्याचा आवाज चढतो आणि अल्बेनियनांबद्दल बोलताना नाक मुरडतं. वाईट एवढंच, की त्याच्या धन्याचंही फार चाललं नाही. १४३०ला योआनिना तुर्कांनी घेतलं आणि १४४९ला आर्ता. तोक्कोंच्या वाट्याला आर्ताची ३३ वर्षं, श्पातांहून पुष्कळच कमी. पण त्यांच्याकडे चार हजार ओळी आहेत.

संध्याकाळी पुलावर गेलो. आर्ताचा हा दगडी पूल सबंध ग्रीसला ठाऊक आहे तो त्याच्या कहाणीमुळे. दिवसभर बांधावा आणि रात्री कोसळावा. शेवटी एक पाखरू माणसाच्या आवाजात सांगतं, मुख्य गवंड्याच्या बायकोला पायात चिणल्याशिवाय पूल उभा राहायचा नाही. ती येते, अंगठी पडली म्हणून तिला खाली उतरवतात, आणि वरून दगड टाकायला लागतात. ती शाप देते, की हा पूल पानासारखा थरथरत राहो आणि वरून जाणारे पानांसारखे गळून पडोत. मग कुणीतरी तिला आठवण करून देतं, अगं, तुझा एकुलता भाऊ परदेशी आहे. परत येताना याच पुलावरून आला तर? आणि ती शाप मागे घेते.

इथे मी भाचीचा हात धरला. जात्यावरच्या ओव्यांत अर्धा जीव भावासाठी टांगलेला असतो, तो हाच. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची गोष्टही अशीच, नाथनाक आणि देवकाई यांना जिवंत पुरल्याची. आणि अल्बेनियात श्कोदरच्या किल्ल्याचीही हीच कथा. तिथली रोझाफा चिणून घेताना एवढंच मागते, की एक डोळा, एक हात, एक पाय आणि एक स्तन बाहेर राहू दे, तान्हं बाळ उपाशी राहील. सीमा, भाषा, धर्म यांवरून इतकी शतकं भांडणारी माणसं, आणि बाईला भिंतीत घालायची गोष्ट सगळ्यांची एकच. इरीनी, हेलेना, दुसरी इरीनी या तहाच्या पायातल्याच. फरक इतकाच, की त्यांना शाप द्यायला किंवा मागे घ्यायला कुणी गाण्यात जागा दिली नाही.

आजचा पूल श्पातांनंतरचा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. १८८१ ते १९१२ तो ग्रीस आणि तुर्कस्तानमधली सरहद्द होता. आता त्यावरून मुलं सायकली घेऊन पळत होती.

श्पातांचे लोक गेले कुठे? बरेचसे दक्षिणेला, मोरेआत. तिथून पुढच्या पिढ्या व्हेनिसच्या चाकरीत, हलक्या घोडदळात. त्यांतला एक मर्कुरिओ बुआ, सोळाव्या शतकात इटलीभर लढला, ट्रेव्हिसोच्या एका चर्चमध्ये त्याची कबर आहे. त्याच्यावर १५१९ला झांते बेटाच्या कोरोनाइओस नावाच्या कवीने लांबलचक पद्य रचलं, आर्ता जाऊन शंभर वर्षं झाल्यावर. अखेर या कुळाला स्वतःचा भाट मिळाला! आणि त्या भाटाने काय केलं? घराण्याची मुळं थेट पिरस राजापर्यंत नेऊन भिडवली. तेही ग्रीक भाषेत. मला हसूही आलं आणि जरा खट्टूही वाटलं. वैऱ्याच्या वहीत निदान तो देखणा माणूस तरी दिसत होता. आपल्या भाटाच्या वहीत नुसतीच पगडी.

परतीच्या बसमध्ये अंधार पडला होता. मी भाचीला विचारलं, “त्यांच्या भाषेतलं सगळ्यात जुनं लिहिलेलं काय आहे गं?”

“एक वाक्य. १४६२चं. आर्ता तुर्कांनी घेतल्यावर तेरा वर्षांनी. दुर्रेसच्या आर्चबिशपचं लॅटिन पत्र आहे, त्यात मध्येच. फ्लोरेन्सच्या ग्रंथालयात सापडलं.”

“काय वाक्य?”

“बाप्तिस्म्याचं. मूल मरायला टेकलंय आणि चर्चपर्यंत नेता येत नाही, तर आईबापांनी घरीच आपल्या भाषेत म्हणायला.”

म्हणजे एका भाषेचं पहिलं अक्षर कागदावर उतरलं ते आईने अंथरुणाशी बसून म्हणायच्या वाक्यासाठी. मी पिशवीतून संत्र्यांखालची वही काढली आणि म्हटलं, सांग, मी देवनागरीत लिहून घेते. ती सावकाश सांगत गेली. मोबाइलच्या उजेडात, बस वळणं घेत असताना, माझं अक्षर काही धड येईना:

उन्ते पगेझोन्त प्रेमेनित आतित एत बिरित एत स्पेर्तित सेनित.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते.

भाचीने वाकून पाहिलं. माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ‘स्पेर्तित’मधल्या स खाली रेघ ओढली. “इथे उच्चार श आहे, मावशी. श्पेर्तित. पत्र लिहिणारा लॅटिनवाला, त्याच्याकडे श लिहायची सोय नव्हती. श्पातामधला श, तोच.”

“पत्रात काय आहे?”

“पत्रात स आहे.”

मी पेन्सिल परत घेतली, रेघ खोडली आणि स तसाच ठेवला.